जिप्सीच्या मागच्या सस्पेन्शनला ४०० मिमी कशाला? ३०० घ्या आणि पैसे शॉकअपमध्ये घाला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हाताशी जुनी मारुती जिप्सी आहे. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) काढून फोर-लिंक (ॲक्सलला चासीशी जोडणारे चार दांडे) आणि कॉइलओव्हर (शॉकअपभोवतीच बसवलेली स्प्रिंग) बसवायचे आहेत. जैसलमेरकडच्या क्रॉस-कंट्री रॅलीत उतरायचं आहे आणि मागच्या चाकाला ४०० मिमी ट्रॅव्हल, म्हणजे वरखाली हलायला जागा, हवी आहे. हिंगणा एमआयडीसीत ओळखीचं फॅब्रिकेशनचं शॉप आहे. लिंक किती लांब ठेवायच्या, स्प्रिंग कोणती घ्यायची, शॉकअप कुठे बांधायचा, आणि नागपुरात राहून या सगळ्याची चाचणी कशी घ्यायची?

आधी ४०० चा आकडा डोक्यातून काढा. डाकार रॅलीच्या सगळ्यात वरच्या टी-वन-प्लस वर्गाला नियमानेच ३५० मिमी ट्रॅव्हल मिळतो, आणि त्या गाड्या २.३ मीटर रुंद असतात. तुम्ही ज्यांचे व्हिडिओ बघता ते मेक्सिकोतल्या बाहा शर्यतीचे ट्रॉफी ट्रक. त्यांचा मागचा ॲक्सल याहून कितीतरी जास्त हलतो, पण त्यांचा व्हीलबेस, रुंदी आणि एकेका चाकामागचे शॉकअप यांचा आपल्या गाडीशी काही संबंध नाही. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिमी. एवढ्या आखूड आणि अरुंद गाडीला ४०० मिमी दिले की ती वळणावर कलते, ब्रेक मारला की नाक खुपसते, आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) टिकत नाहीत. ३०० मिमी नीट सांभाळले गेले तर थारच्या वाळवंटातल्या बहुतेक स्टेजना (रॅलीच्या टप्प्यांना) पुरतात. ट्रॅव्हल म्हणजे शॉकअपला काम करायला दिलेली जागा. शॉकअप तेवढ्या लायकीचा नसेल तर जास्त जागा देऊन गाडी फक्त जास्त जोरात आपटते.

काही कापण्याआधी तुमच्या वर्गाचं नियमपुस्तक वाचा. आपल्याकडे रॅली एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाच्या) नियमांखाली होतात, आणि मूळ सस्पेन्शनचा प्रकार बदलायला प्रत्येक वर्गात मुभा नसते. पाटे ठेवणं बंधनकारक असेल तर हे सगळं उत्तर तुमच्यासाठी निम्मंच कामाचं आहे: पाटे लांब आणि पातळ करून घ्या, शॅकलचा (पाटा चासीला जोडणाऱ्या हलत्या पट्टीचा) कोन सुधारा, आणि उरलेले सगळे पैसे शॉकअप आणि बंप स्टॉपमध्ये (टोकाची आपटी झेलणाऱ्या भागात) घाला. खरं सांगायचं तर पहिल्या मोसमाला मी तुम्हाला हेच सुचवीन. पण तुम्ही फोर-लिंकचं विचारलंय, तर पुढे चला.

पहिलं काम कागदावरचं नाही, धरमकाट्यावरचं. वाडी किंवा कळमन्याच्या काट्यावर गाडी न्या. दोन्ही माणसं हेल्मेट घालून आत बसलेली, टाकी भरलेली, दोन स्टेपन्या, पान्हे, जॅक, पाणी, वाळूच्या फळ्या सगळं जागच्या जागी. आधी पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून मागचं. काट्याचा प्लॅटफॉर्म आणि बाहेरची जमीन एका पातळीत हवी, नाहीतर आकडा फसवतो. कंपनीच्या माहितीपत्रकातलं रिकाम्या गाडीचं वजन इथे निरुपयोगी आहे, कारण रॅलीच्या जिप्सीत वाढलेलं बरंचसं वजन मागच्या चाकांवरच येतं.

समजा एकूण १३०० किलो भरलं आणि त्यातले ६७० मागे. त्यातून हौजिंग (ॲक्सलचं कवच), चाकं, ब्रेक असं स्प्रिंगच्या खालचं साधारण १३० किलो वजा करा. उरले ५४०, म्हणजे प्रत्येक बाजूला २७० किलो, बलाच्या भाषेत सुमारे २६५० न्यूटन. स्प्रिंगवरच्या गाडीची डोलण्याची नैसर्गिक वारंवारिता काढायचं सोपं सूत्र आहे: उभ्या गाडीच्या वजनाने स्प्रिंग जितके मिमी दबते त्याचं वर्गमूळ घ्या आणि १५.८ ला त्याने भागा. मागे १.४ हर्ट्झ हवे असतील तर स्प्रिंग सुमारे १२७ मिमी दबायला हवी. २६५० भागिले १२७, म्हणजे चाकापाशी २१ न्यूटन प्रति मिमी. आता ३०० मिमीची वाटणीही आपोआप ठरते: चाक खाली लटकायला १२० आणि वर दबायला १८०. लटकण्याला याहून जास्त दिलं तर स्प्रिंग आपल्या जागी सैल होऊन खडखडेल. मग सोबत हा सैलपणा भरून काढणारी छोटी टेंडर स्प्रिंग लावावी लागते.

हा २१ चा आकडा चाकापाशचा आहे, दुकानात मागायच्या स्प्रिंगचा नाही. इथे बहुतेक जण फसतात. कॉइलओव्हर थेट हौजिंगवर उभा ठेवला तर दोन्ही जवळपास सारखे. २० अंश तिरका ठेवला तर चाकाला स्प्रिंगच्या ८८ टक्के मिळतात, ३० अंशांवर ७५, आणि ४५ अंशांवर थेट निम्मे. लिंकवर बांधला, म्हणजे चासीकडच्या बुशपासून (लिंक जिथे फिरते त्या टोकापासून) ७० टक्के अंतरावर, तर गुणोत्तराचा वर्ग लागतो: ०.७ गुणिले ०.७ म्हणजे ०.४९. मग २१ साठी ४३ ची स्प्रिंग लागेल. शिवाय शॉकअपचा दांडा फक्त २१० मिमी हलेल, त्यामुळे तेवढंच काम करायला त्याला दीडपट जोर लावावा लागेल आणि तो जोर लिंकला मधोमध वाकवायला बघेल. जागेची अडचण नसेल तर जिप्सीत मी शॉकअप हौजिंगवरच ठेवतो, १५ ते २० अंश आत झुकवून.

आता उडीचा हिशोब. मला विचाराल तर हा आकडा आधी आणि बाकी सगळे नंतर. धोऱ्याच्या (वाळूच्या टेकडीच्या) माथ्यावरून गाडी सुटली आणि लटकलेलं टायर वाळूपासून ६० सेंमी वर आहे असं धरा. टायर टेकल्यापासून सस्पेन्शन पूर्ण दबेपर्यंत आणखी ३० सेंमी. म्हणजे २७० किलो एकूण ९० सेंमी खाली येतात. ऊर्जा झाली सुमारे २४०० ज्यूल. आपली २१ ची स्प्रिंग पूर्ण दबल्यावर त्यातले ९९० साठवते. उरले १४००. हे शॉकअप आणि बंप स्टॉपने गिळायचे, ३०० मिमीच्या अंतरात. सरासरी काढली तर प्रत्येक चाकामागे सुमारे ४७०० न्यूटन, म्हणजे जवळपास अर्धा टन जोर, आणि तोही शॉकअपने सतत लावायचा.

कडक स्प्रिंग टाकून हे सुटत नाही का? थोडं सुटतं, पण स्प्रिंग घेतलेलं सगळं परत देते. गाडी टेकते आणि लगेच मागचं ढुंगण वर फेकते, नाक खाली, आणि पुढच्या उंचवट्यात बंपर. आखूड व्हीलबेसच्या गाड्या वाळूत पुढच्या बाजूने उलटतात त्याचं हे एक नेहमीचं कारण. ऊर्जेची उष्णता करून टाकतो तो फक्त शॉकअप. म्हणून स्प्रिंग मऊ आणि शॉकअप मोठा, या क्रमाने जा.

शॉकअप घेताना पिस्टनचा व्यास बघा. २ इंची चालतो, अडीच इंची घ्या. तेल जास्त, पृष्ठभाग जास्त, तापायला वेळ जास्त. वेगळा रिझर्व्हायर (जादा तेलाची डबी) आणि नायट्रोजन हवाच, नाहीतर तेलात फेस होऊन दहाव्या किलोमीटरला शॉकअप नावापुरता उरतो. बायपास शॉकअप परवडत असेल तर उत्तम, कारण त्यात मधल्या पट्ट्यात मऊ आणि टोकाला कडक असं वेगवेगळं लावता येतं. परवडत नसेल तर साधा कॉइलओव्हर आणि शेवटच्या ५० ते ७० मिमीला हायड्रॉलिक बंप स्टॉप ही जोडी घ्या. मी तर म्हणेन, महागड्या लिंक आणि स्वस्त बंप स्टॉप असं काही करण्यापेक्षा उलटं करा. रबराचा गोळा हा बंप स्टॉप नाही, तो शेवटचा उपाय आहे.

रिबाउंडबद्दल, म्हणजे शॉकअप परत उघडताना करतो त्या अडवणुकीबद्दल, एक इशारा. उडीनंतर मागचा भाग वर फेकला जातो म्हणून लोक रिबाउंड कसत जातात. मग ओळीने आलेल्या उंचवट्यांवर चाकाला पुढच्या उंचवट्याआधी खाली यायला वेळच मिळत नाही. प्रत्येक आपटीला गाडी थोडी थोडी खाली बसत जाते आणि सातव्या-आठव्याला बंप स्टॉपवर धावते. ड्रायव्हर म्हणतो 'स्प्रिंग मऊ आहे', आणि गॅरेजवाला स्प्रिंग बदलतो. स्प्रिंगला हात लावू नका, रिबाउंडचा नॉब दोन क्लिक सोडा आणि पुन्हा बघा. चाक लटकल्यावर शॉकअपने स्वतःच्या टोकाला आपटायचं नाही, त्यासाठी दोन्ही बाजूंना लिमिट स्ट्रॅप (ॲक्सलला फार खाली जाऊ न देणारा पट्टा). शॉकअपचं शेवटचं १० मिमी कधीच वापरू नये अशा लांबीचा.

आता लिंक. खालच्या दोन लांब आणि जवळपास समांतर, वरच्या दोन हौजिंगच्या मध्याकडे जुळणाऱ्या. वरच्या दोघींमधला कोन मिळून ४० अंशांच्या आत येऊ देऊ नका, नाहीतर ॲक्सल आडवा सरकतो. पॅनहार्ड रॉड (ॲक्सल चासीला आडवा जोडणारा दांडा) लावून तिरक्या लिंकांची कटकट टाळता येते. पण ९०० मिमीचा रॉड १८० मिमी वर गेला की ॲक्सल १८ मिमी बाजूला सरकतो. रस्त्याच्या गाडीत खपून जातं, रॅलीत मला ते आवडत नाही.

लांबीचं म्हणाल तर खालची लिंक ८०० मिमीच्या आसपास बसवायचा प्रयत्न करा. ८०० ची लिंक आडव्या स्थितीतून १८० मिमी वर गेली की चाक २० मिमी पुढे ओढलं जातं, ५०० ची असेल तर ३३ मिमी. वरची लिंक खालच्यापेक्षा थोडी आखूड चालते, पण इतकी नको की सस्पेन्शन दबताना पिनियनचं (प्रोपेलर शाफ्ट ॲक्सलला जुळतो त्या गिअरचं) तोंड आकाशाकडे वळेल. जिप्सीचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सपासून वेगळा, मागे बसलेला असतो, त्यामुळे मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड. समजा तो ६०० मिमी भरला, तर १८० मिमी वर म्हणजे सतरा-अठरा अंश, तेही उभ्या गाडीतला मूळ कोन सोडून. क्रॉसला एवढं रोजचं काम नाही. पिनियनचा कोन आणि शाफ्टच्या स्लिपमध्ये (लांबी कमी-जास्त होणाऱ्या सांध्यात) किती जागा उरते, हे तीन ठिकाणी मोजा: पूर्ण लटकलेलं, उभं, पूर्ण दबलेलं.

हौजिंगवर वरच्या आणि खालच्या लिंकेत उभं अंतर किती ठेवावं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण लिंका तुटतात त्या इथून. खालची लिंक जमिनीपासून ३०० मिमीवर आणि वरची ५०० वर धरली, तर चाक जमिनीला जितक्या जोराने ढकलतं त्याच्या अडीचपट जोर खालच्या दोघींवर मिळून येतो आणि दीडपट वरच्यांवर. अंतर २०० वरून १५० केलं की हेच तीनपट आणि दोनपट होतं. वरच्या लिंका तिरक्या असल्याने त्यांच्यावर प्रत्यक्षात याहून थोडं जास्तच. त्यामुळे बॉडीचं फ्लोअर आड येतं म्हणून वरची ब्रॅकेट खाली आणण्याचा मोह झाला तर फ्लोअर कापा. २०० च्या खाली जाऊ नका.

बाजूने बघताना दोन्ही लिंकांच्या रेषा पुढे वाढवल्या की त्या जिथे मिळतात त्यावरून अँटी-स्क्वॅट ठरतो, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागचा भाग बसणार की उठणार. १०० टक्क्यांना तो ना बसतो ना उठतो. ड्रॅग रेसवाले याहून वर जातात, वाळूत ते उलटतं: थ्रॉटल दिला की टायर जमिनीत दाबला जातो, लगेच सुटतो, पुन्हा दाबला जातो आणि ॲक्सल उड्या मारायला लागतो. अर्ध्या चढावर तसं झालं की गाडी तिथेच पुरते. ५० ते ७० टक्क्यांत ठेवा. चासीवरच्या ब्रॅकेटला तीन भोकं पाडून ठेवली तर नंतर बदलता येतं. खालच्या लिंकेचं पुढचं टोक मात्र मागच्यापेक्षा फार वर नेऊ नका. त्याने गाडी कलली की ॲक्सल स्वतःहून वळतो आणि वेगात मागचा भाग बाहेर पडायला बघतो.

मटेरियल: लिंकांना सीडीएस (थंड ओढलेला, बिनशिवणीचा) पाइप, बाहेरचा व्यास ४५ ते ५० मिमी, जाडी ५ ते ६ मिमी. शिवणीचा साधा पाइप नको. क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनमचं पोलाद) मिळाली तर छान, पण ती नीट वेल्ड करणारा हात मिळणार नसेल तर सीडीएसच बरी. दोन्ही टोकांना रोज जॉइंट (सगळ्या बाजूंना वळणारा धातूचा गोल सांधा) लावायची फॅशन आहे. बारीक वाळू त्यांच्या अस्तराला पॉलिश पेपरसारखी घासते आणि रॅली संपेपर्यंत जॉइंट खडखडायला लागतो. मी चासीकडे रबर किंवा पॉलियुरेथेनचा मोठा बुश आणि हौजिंगकडे रबरी बूट घातलेला रोज जॉइंट देतो. प्रत्येक बोल्ट दोन्ही बाजूंनी पकडलेला, १०.९ ग्रेडचा, आणि कापणारा जोर येतो तिथे आटे येणार नाहीत एवढा बिनआट्याचा भाग लांब असलेला.

हौजिंगवर ब्रॅकेट वेल्ड करताना शॉपवाल्याच्या डोक्यावर उभे राहा. CO₂ वेल्डिंगचा कारागीर सरळ एका बाजूने ओढत गेला तर हौजिंग केळ्यासारखं वाकतं. डोळ्याला दिसत नाही, पण ॲक्सल शाफ्टचे बेअरिंग आणि ऑइल सील महिन्याभरात बोलायला लागतात. पद्धत अशी: शाफ्ट आणि डिफ (डिफरन्शियल) बाहेर काढा, लेथवर करून घेतलेला सरळ बार दोन्ही टोकांच्या बेअरिंगच्या जागी बसवलेल्या गोल चकत्यांमधून आरपार घाला, आणि वेल्ड करताना तो हाताने फिरतोय ना हे बघत राहा. एक इंच डावीकडे, एक इंच उजवीकडे, मग थांबा. बार जड झाला की काम थांबवून थंड होऊ द्या. वरून एक ट्रस (मजबुतीचा आधार) द्या, कारण मूळ हौजिंगची रचना पाट्यांच्या दोन ठिकाणी वजन घ्यायला केलेली आहे, उड्यांसाठी नाही.

शॉकअपचा वरचा टॉवर (तो जिथे बांधायचा तो खांब) हा रोल केजचाच (आतल्या माणसांना वाचवणाऱ्या पाइपच्या पिंजऱ्याचाच) भाग समजा. ३०० मिमी स्ट्रोकचा कॉइलओव्हर उघडा असताना पाऊण मीटरच्या आसपास लांब असतो, त्यामुळे तो मागच्या फ्लोअरमधून वर येणारच. सरळ चासीच्या रेल्वर (लांब बाजूच्या तुळईवर) उभा खांब वेल्ड केला तर पहिल्या आपटीला रेल् पिळतो. एका टॉवरवर एक टनाहून जास्त भार येईल असं धरून चला. दोन्ही टॉवर आडव्या पाइपने जोडा, तिथून केजच्या मागच्या पायांना तिरके पाइप द्या, आणि चासीवर भार पसरायला ४ मिमीची प्लेट. प्लेटचं टोक चौकोनी नको, निमुळतं करा, आणि रेल्च्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवा वेल्ड मारू नका. तडा नेमका तिथूनच निघतो.

हे सगळं टाक्यांवर (वेल्डच्या तात्पुरत्या ठिपक्यांवर) जुळवलं की पूर्ण वेल्डिंगच्या आधी एक दिवस काढा. स्प्रिंग काढून ठेवा, फक्त शॉकअप लावा. गाडी स्टँडवर, हौजिंगखाली जॅक. पूर्ण वर, पूर्ण खाली, मग एक चाक वर आणि एक खाली, असं प्रत्येक २५ मिमीला थांबत फिरवा. ब्रेकचा होज ताणला जातो का, टायर टॉवरला घासतं का, एक्झॉस्ट कुठे लागतो, रोज जॉइंट कोनात अडकतो का. तिरक्या स्थितीत अडकलेला जॉइंट सरळ वरखाली करून कधीच सापडत नाही.

चाचणीचं. नागपुरात वाळवंट नाही, पण उन्हाळा आहे. मे महिन्यात ४५ अंशांत तापलेला शॉकअप कसा वागतो हे इथे फुकट कळतं. कन्हानची वाळू भरड आहे, थारच्या वाऱ्याने आणलेल्या बारीक वाळूसारखी नाही, आणि नदीपात्रात गाड्या घालूही नका, ते शहराच्या पिण्याच्या पाण्याचं पात्र आहे. त्यापेक्षा ओळखीच्या कुणाचं पडीक मुरमाड रान गाठा आणि जेसीबीने उंचवट्यांची ओळ करून घ्या: ४०० मिमी उंच, ६ मीटरच्या अंतराने, दहा-बारा. ताशी ३० किमीला हे उंचवटे सेकंदाला १.४ वेळा येतात, म्हणजे नेमके आपल्या सस्पेन्शनच्या नैसर्गिक वारंवारितेवर. इथे गाडी सगळ्यात जास्त डोलेल आणि शॉकअपची खरी परीक्षा होईल. ६० ला हीच ओळ सेकंदाला २.८ वेळा येते, आणि सेटिंग बरोबर असेल तर बॉडी जवळजवळ सपाट राहून फक्त चाकं खालीवर होतील. ३० ला वाईट आणि ६० लाही वाईट असेल तर रिबाउंड जास्त घट्ट कसलेला आहे. ३० ला डोलणं थांबतच नसेल तर जास्त सोडलेला.

शॉकअपच्या दांड्यावर प्लास्टिकचा टाय घट्ट बांधून सीलला टेकवून ठेवा. फेरी झाली की तो कुठे थांबला यावरून किती स्ट्रोक वापरला ते दिसतं. सगळ्यात मोठ्या उंचवट्यालाही टाय ४० मिमी अलीकडे थांबत असेल तर कंप्रेशन (दबतानाची अडवणूक) सोडा. प्रत्येक फेरीत टोकाला जात असेल तर ते घट्ट करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, टायरची हवा रॅलीत ठेवणार तेवढीच ठेवा, आणि पहिली आणि शेवटची फेरी बाजूने मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये घ्या. शेवटच्या फेरीत गाडी जास्त लोळत असेल तर शॉकअप गरम होऊन पडतोय. त्याला मोठा रिझर्व्हायर किंवा मोठा शॉकअप, दुसरं औषध नाही.

एक शेवटचं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असे बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाहीत, त्यामुळे शेतापर्यंत आणि जैसलमेरपर्यंत ती ट्रकवरूनच जाईल. ट्रकवर बांधताना पट्टे चासीला टाकून गाडी खाली ओढू नका. तेवढ्या लांबच्या प्रवासात शॉकअपचे सील आणि बंप स्टॉप दबून राहतात. हौजिंगला बांधा आणि वरचा भाग मोकळा हलू द्या.